पाठीच्या क्षयावर शस्त्र केव्हा चालवावे? बंगळुरू, मद्रास आणि एका जुन्या वादाचा इतिहास

१६ सप्टेंबर १९६० रोजी बंगळुरूच्या बेल्लारी रस्त्यावरील ‘अ‍ॅव्हलॉन’ या जुन्या प्रासादतुल्य वास्तूत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे उद्घाटन झाले. संस्था आदल्या वर्षीच स्थापन झाली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते. हे रुग्णालय नव्हते. लाखो क्षयरुग्ण आणि मूठभर खाटा असलेल्या देशात रोगाशी कसे लढावे, याचा आराखडा तयार करणे हे तिचे काम होते.

मणक्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आरंभ अशा संस्थेपासून करणे विचित्र वाटेल. परंतु आज बंगळुरू, पुणे किंवा मुंबईच्या रुग्णालयांत पाठीच्या क्षयाच्या रुग्णाला जेव्हा डॉक्टर सांगतात की ‘तूर्त शस्त्रक्रिया नको, औषधे सुरू करू’, तेव्हा त्या एका वाक्यामागे दोनशे वर्षांचा वाद उभा असतो. तो वाद सोडविण्यात दक्षिण भारतातील रुग्णांचा, आणि त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडे विज्ञानाच्या इतिहासात हे प्रकरण क्वचितच सांगितले जाते.

प्रथम रोगाची रचना समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद तिच्यातूनच निघतो. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांचा खांब. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग जाड आणि दंडगोल असतो, शरीराचा बहुतेक भार त्याच्यावर असतो. मागचा भाग कमानीसारखा असतो. या दोहोंमधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. क्षयाचे जंतू रक्तावाटे येतात आणि बहुधा पुढच्या भागात, दोन शेजारच्या मणक्यांच्या कडांशी ठाण मांडतात. हाड हळूहळू पोखरले जाते, पू साचतो. या गळवाला ना लाली असते ना उष्णता, म्हणून त्याला शीत गळू म्हणतात. कालांतराने पुढची बाजू खचते. मागची कमान मात्र शाबूत असते, त्यामुळे खांब पुढच्या बाजूला मोडून वाकतो आणि पाठीवर टोकदार कुबड दिसू लागते. पू, मृत हाडाचे तुकडे किंवा तो बाकच मज्जारज्जूवर दाब देऊ लागला की रुग्णाचे पाय लटपटतात, पुढे लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो. हाडांच्या आणि सांध्यांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा क्षय पाठीच्या कण्याचा असतो.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या लुळेपणाचे सविस्तर वर्णन केले, आणि आजही डॉक्टरांच्या बोलीत हा रोग ‘पॉट्स स्पाइन’ आहे. पॉट यांना जंतू ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला तो १८८२ मध्ये. तरीही पॉट यांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली होती. पायांचे लुळेपण हे निव्वळ कण्याच्या वाकण्याने येत नाही, त्यामागे हाडाचा रोग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून ओढून, बांधून पाठ सरळ करण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कुबडाच्या दोन्ही बाजूंना जखमा करून त्या वाहत्या ठेवायच्या, म्हणजे आतील दूषित द्रव्य बाहेर पडेल, हा त्यांचा उपाय. उपाय आज रानटी वाटतो, पण निदानाची दिशा बरोबर होती.

पॉट यांची ही सावधगिरी पुढच्या शतकात विसरली गेली. भूल आणि जंतुनाशके हाती आल्यावर, १८८० च्या दशकापासून शल्यचिकित्सकांनी मज्जारज्जूवरील दाब काढण्यासाठी मागून वाट धरली. मागच्या कमानी कापून काढायच्या, मज्जारज्जू मोकळा करायचा. कल्पना सरळ होती. काही रुग्ण बरेही झाले. परंतु रोग पुढे आणि शस्त्र मागे, अशी ही गत होती. पुढचा भाग रोगाने खाल्लेला, आणि खांबाचा जो एकमेव शाबूत आधार मागे उरला होता तोच शल्यचिकित्सकाने काढून टाकलेला. कण्याला मग धरून ठेवणारे काहीच राहत नसे. कुबड वाढे, आणि पुष्कळदा लुळेपणही. पाठीच्या क्षयात केवळ मागची कमान काढणे हा अपाय आहे, हे आज वैद्यकाचा विद्यार्थी पहिल्याच वर्गात शिकतो. ते शिकायला वैद्यकाला अर्धे शतक लागले.

याच काळात उत्तर फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरील बेर्क या गावी दोन वेगळे प्रयोग झाले. क्षयग्रस्त मुलांना समुद्राच्या हवेत ठेवण्यासाठी तेथे मोठी रुग्णालये होती. फ्रान्स्वा कालो यांनी १८९६ मध्ये मुलांना क्लोरोफॉर्म देऊन कुबड हातांच्या जोराने दाबून सरळ करण्याची पद्धत पॅरिसच्या वैद्यक परिषदेपुढे मांडली. एका बैठकीत सरळ झालेली पाठ पाहून युरोपभर वाहवा झाली. मग मृत्यूच्या आणि लुळेपणाच्या वार्ता येऊ लागल्या, आणि थोड्याच वर्षांत खुद्द कालो यांनीच ती पद्धत सोडली. दुसरे प्रयोगकर्ते व्हिक्टर मेनार. त्यांनी बाजूने, बरगडीचा तुकडा काढून, गळवापर्यंत पोहोचण्याचा मार्ग शोधला. पू निघताच काही लुळे पाय हलू लागले. ही वाट शरीररचनेच्या दृष्टीने अगदी योग्य होती. परंतु क्षयाविरुद्ध औषध नव्हते. उघडलेली जखम भरून येत नसे, तिची नाडीव्रणात परिणती होई, बाहेरचे इतर जंतू आत शिरत आणि रुग्ण महिनोन्महिने पू गाळीत शेवटी दगावे. मेनार यांनाही ही शस्त्रक्रिया मागे घ्यावी लागली. उतारवयातील कालो तर क्षयाच्या गळवाला सुरी लावूच नये या मताचे कट्टर पुरस्कर्ते झाले.

१९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी स्वतंत्रपणे तिसरा मार्ग काढला: रोगाला हातच लावायचा नाही, मागचे मणके एकमेकांशी जोडून टाकायचे. हिब्ज हे मणक्यांच्याच हाडाचे पापुद्रे उलटवून ठेवीत, तर अल्बी नडगीच्या हाडाची पट्टी काढून मणक्यांच्या काट्यांमध्ये बसवीत. आज घसरलेल्या मणक्यापासून वाकड्या कण्यापर्यंत असंख्य विकारांसाठी जे ‘स्पायनल फ्यूजन’ करतात, त्याचे मूळ येथे, क्षयात आहे. हे सहसा ध्यानात येत नाही.

उरलेल्या बहुसंख्य रुग्णांसाठी होती ती आरोग्यधामे. स्वित्झर्लंडमधील लेसँ येथे ऑग्युस्त रोलिए यांचे सूर्यस्नान प्रसिद्ध होते. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडी, आंध्रात मदनपल्लीजवळ आरोग्यवरम अशी ठिकाणे उभी राहिली. पाठीच्या क्षयाचा रुग्ण प्लास्टरच्या साच्यात किंवा चौकटीला बांधून एक-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ उताणा निजे. ज्याला हे परवडे आणि ज्याला खाट मिळे, त्याचीच ही गोष्ट. बाकीचे घरीच वाकत गेले.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. आयसोनियाझिड १९५२ मध्ये हाती आले. एकाएकी मेनार यांची बंद पडलेली वाट खुली झाली, कारण आता उघडलेली जखम भरून येणार होती. ही संधी सर्वांत धिटाईने घेतली ती हाँगकाँगमध्ये. चीनमधून आलेल्या निर्वासितांनी शहर भरून गेले होते, क्षय बोकाळला होता, आणि हाडांच्या क्षयाचे रुग्ण, त्यांत मुले फार, रांगा लावून होते. आर्थर हॉजसन आणि फ्रान्सिस स्टॉक यांनी १९५६ मध्ये आपल्या पद्धतीची पहिली माहिती प्रसिद्ध केली. छाती किंवा पोट उघडून पुढूनच कण्यापर्यंत जायचे, रोगट हाड निरोगी हाड लागेपर्यंत पूर्ण काढायचे, मज्जारज्जू मोकळा करायचा आणि पडलेल्या खिंडारात बरगडीचे किंवा कमरेचे हाड पाचरीसारखे ठोकून बसवायचे. १९६० मध्ये त्यांनी ४१२ रुग्णांचा अनुभव मांडला. रोग जेथे आहे तेथेच शस्त्र गेले होते. मणके लवकर जुळत, कुबड फारसे वाढत नसे, लुळे पाय चालू लागत. ‘हाँगकाँग शस्त्रक्रिया’ हे तिचे नाव जगभर झाले, आणि पाठीचा क्षय म्हणजे ही शस्त्रक्रिया असे समीकरण अनेक शल्यचिकित्सकांच्या मनात पक्के झाले.

येथेच प्रश्न उभा राहतो. हाँगकाँगच्या रुग्णांना शस्त्रक्रियेबरोबर औषधेही मिळत होती. मग बरे कशाने झाले? शस्त्राने, औषधाने की दोहोंनी? शस्त्रक्रिया केलेल्या चारशे रुग्णांचा कितीही उत्तम अहवाल या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, कारण शस्त्रक्रिया न केलेले तसेच चारशे रुग्ण शेजारी ठेवलेले नाहीत. आणि हा निव्वळ तार्किक खल नव्हता. छाती उघडून कण्यापर्यंत जाणारी शस्त्रक्रिया करू शकणारी केंद्रे भारत, कोरिया किंवा आफ्रिकेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ती अपरिहार्य असेल तर बहुसंख्य रुग्णांच्या नशिबी उपचारच नव्हता.

उलट बाजूचा संकेत नायजेरियातील इबादानहून येत होता. तेथे पीटर कॉनस्टाम यांच्याकडे रुग्ण अफाट आणि खाटा तुटपुंज्या. त्यांनी नाइलाजाने रुग्णांना औषधे देऊन घरी पाठविले आणि चालते-फिरते ठेवले. १९५८ पासून त्यांनी प्रसिद्ध केलेले निकाल आश्चर्यकारकपणे चांगले होते. पाय लुळे पडलेलेही बरेच जण शस्त्राविना उभे राहिले. शल्यचिकित्सकांच्या वर्तुळात यावर विश्वास ठेवणे जड गेले.

आता पुन्हा दक्षिण भारताकडे वळू, कारण फुप्फुसाच्या क्षयाबाबत नेमका हाच प्रश्न मद्रासमध्ये आधीच विचारला गेला होता. १९५६ मध्ये तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी झाली: काही आरोग्यधामात, काही आपल्या दाटीवाटीच्या घरांत. औषधे दोन्हीकडे तीच. १९५९ मध्ये निकाल आला. घरचे अन्न निकृष्ट, विश्रांती कमी, खोल्या कोंदट. तरीही घरी राहिलेल्यांची प्रगती आरोग्यधामातल्यांच्या जवळपास होती, आणि घरातल्या माणसांना संसर्गाचा धोकाही वाढलेला दिसला नाही. रोग बरा करीत होते ते औषध. खाट नव्हे.

या निष्कर्षावरच बंगळुरूच्या संस्थेने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची मांडणी केली, आणि १९६२ पासून तो जिल्हा पातळीवर राबविला जाऊ लागला. संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातला रुग्ण अडाणी, तो दवाखान्याकडे फिरकत नाही, ही समजूत त्यांनी तपासून पाहिली. निम्म्याहून अधिक रुग्ण आपल्या लक्षणांसाठी उपचार शोधायला आधीच बाहेर पडले होते, असे दिसले; त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. चूक रुग्णाची नव्हती. मला वाटते, पाठीच्या क्षयाला हे निरीक्षण आणखी तंतोतंत लागू पडते. खोकला नाही, थुंकीत जंतू नाही, नुसती पाठदुखी. मालिश, शेक, कंबरपट्टा, वेदनाशामक गोळ्या यांत जे महिने जातात, त्याच महिन्यांत मणका खचत असतो.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९६३ च्या सुमारास पाठीच्या क्षयासाठी एक कार्यगट नेमला. मद्रासचीच पद्धत आता कण्याला लावायची होती. दक्षिण कोरियातील मासान येथे अर्ध्या रुग्णांना सहा महिने खाटेवर ठेवले, अर्ध्यांना चालते ठेवले. फरक पडला नाही. पुसान येथे अर्ध्यांना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले, अर्ध्यांना नाही. फरक पडला नाही. म्हणजे ज्या साच्यात आणि ज्या खाटेवर दोन पिढ्या खिळून राहिल्या, त्यांचा औषधांच्या युगात काही उपयोग उरलेला नव्हता. आजच्या झिंबाब्वेतील बुलावायो येथे रोगट भाग खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया आणि केवळ औषधे यांची तुलना झाली. खरवडण्याने विशेष लाभ दिसला नाही. हाँगकाँगमध्ये मात्र खरवडणे आणि हॉजसन यांची संपूर्ण शस्त्रक्रिया यांची तुलना केली असता, दुसऱ्या गटात मणके लवकर जुळले आणि कुबड जवळजवळ वाढले नाही. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हा पुरावा खरा होता, आणि तो पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

या सगळ्या चाचण्यांत औषधे दीड वर्ष चालत. रिफाम्पिसिन आल्यावर हा काळ घटविता येईल असे दिसू लागले. १९७५ च्या सुमारास मद्रासच्या संशोधन केंद्राने तेथील अस्थिशल्यचिकित्सकांच्या सहकार्याने आपली चाचणी सुरू केली. पाय लुळे न पडलेल्या रुग्णांची तीन गटांत यादृच्छिक वाटणी झाली. पहिल्या गटाची हाँगकाँग शस्त्रक्रिया आणि सहा महिने आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन. दुसऱ्याला शस्त्रक्रिया नाही, तीच औषधे सहा महिने, चालते-फिरते. तिसऱ्याला तसेच, नऊ महिने. (त्याच दशकात मद्रास आणि बंगळुरू या दोन संस्थांनी मिळून फुप्फुसाच्या क्षयासाठी तीन आणि पाच महिन्यांचे उपचार तपासले; औषधांचा काळ आखूड करण्याच्या शोधात ही दोन शहरे बरोबरीने होती.)

मग ते रुग्ण दहा वर्षे शोधून शोधून तपासले गेले. मोबाइल नसलेल्या काळात, पत्ते बदलणाऱ्या, कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचा हा पाठपुरावा होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: शस्त्रक्रिया झालेल्या ७८ पैकी ९० टक्के, सहा महिने केवळ औषधे घेतलेल्या ७८ पैकी ९४ टक्के, आणि नऊ महिने औषधे घेतलेल्या ७९ पैकी ९९ टक्के रुग्णांची स्थिती ‘अनुकूल’ होती. जगातील एक नामांकित शस्त्रक्रिया, आणि दोन स्वस्त गोळ्या. दहा वर्षांनंतर शस्त्रक्रियेचे पारडे जड नव्हते.

विद्यार्थ्यांनी येथे थांबून ‘अनुकूल’ या शब्दाचा अर्थ पाहावा. या चाचण्यांच्या मालिकेत त्याचा अर्थ साधारण असा होता: रुग्ण आपले सर्व व्यवहार करतो, क्ष-किरणात रोग शांत आहे, गळू किंवा नाडीव्रण नाही, मज्जारज्जूचे दौर्बल्य नाही, ठरलेला उपचार बदलावा लागलेला नाही. या यादीत पाठीच्या बाकाचा कोन नाही. तो वेगळा मोजला जात होता. म्हणजे ज्या मुलाचा रोग बरा झाला पण पाठ दुमडली, तेही अनुकूल रुग्णांतच मोजले जाणार. संशोधकांनी हे लपविले नाही. उलट त्यांच्याच अहवालात अपवाद स्पष्ट नोंदविला आहे. पंधरा वर्षांखालील ज्या मुलांचा बाक आरंभी ३० अंशांहून अधिक होता, त्यांचा बाक केवळ औषधांवर असताना पुढे बराच वाढला. त्यांच्यासाठी हा उपचार पुरेसा नव्हता.

शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीचा हिशेबही याच शहरातून आला. टी. के. षण्मुगसुंदरम आणि त्यांचे तरुण सहकारी एस. राजशेखरन यांनी, तसेच पुढे कोइमतूरहून राजशेखरन यांनी, मद्रासच्या रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांतून एकामागून एक उत्तरे काढली. पुढून बसविलेली हाडाची पाचर खरोखर टिकते का? १९८९ च्या त्यांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांत ती टिकली नव्हती: कुठे घसरली, कुठे मोडली, कुठे विरघळली, कुठे शेजारच्या मऊ मणक्यात रुतली. दोनाहून अधिक चकत्यांचे अंतर पार करणारी लांब पाचर विशेष दगा देई. याचा अर्थ असा की जेथे हाड सर्वाधिक नष्ट झालेले, म्हणजे जेथे शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज, तेथेच ती जुन्या स्वरूपात सर्वाधिक फसत होती. आज पुढच्या पाचरीला मागून टायटॅनियमचे स्क्रू आणि सळ्या यांचा आधार देतात, त्याचे हे कारण. संसर्ग झालेल्या जागी धातू ठेवणे ही पूर्वी अक्षम्य गोष्ट मानली जाई. क्षयाचा जंतू धातूच्या पृष्ठभागावर इतर जंतूंसारखा घट्ट थर करून बसत नाही, हे १९९० च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखविल्यावर ती भीती कमी झाली.

दुसरा प्रश्न: कोणाची पाठ किती वाकणार, हे आधी सांगता येईल का? १९८७ मध्ये षण्मुगसुंदरम आणि राजशेखरन यांनी शस्त्रक्रियेविना बरे झालेल्या रुग्णांसाठी एक साधे सूत्र दिले. पहिल्या चित्रात मणक्यांचा एकूण किती भाग नष्ट झाला आहे ते मणक्याच्या हिशेबात मोजायचे, त्याला ३०.५ ने गुणायचे आणि त्यात ५.५ मिळवायचे. दीड मणका गेला असेल तर शेवटचा बाक साधारण ५१ अंश. भिंग, पट्टी आणि कोनमापक एवढ्या सामग्रीवर, तालुक्याच्या रुग्णालयातही, कोणाला मोठ्या केंद्राकडे धाडावे हे यावरून ठरविता येत होते.

मुलांबाबत मात्र हे सूत्र तोकडे पडे, कारण मुलांच्या बाबतीत रोग संपल्यावर गोष्ट संपत नाही. मूल वाढते. रोगाने पुढच्या बाजूची वाढीची कूर्चा नष्ट केलेली असते, मागची बाजू मात्र वाढतच राहते. परिणामी औषधे थांबल्यावर, रोग पूर्ण बरा असताना, पाठ दुमडत जाते. राजशेखरन यांनी ६१ मुलांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करून २००१ मध्ये जे प्रसिद्ध केले ते वाचताना थक्क व्हायला होते. सुमारे ३९ टक्के मुलांत बाक वाढत गेला. पण ४४ टक्के मुलांत तो वाढीबरोबर आपोआप कमी झाला! उरलेल्यांत तसाच राहिला. सरसकट सर्व मुलांची शस्त्रक्रिया केली असती तर जवळजवळ निम्म्या मुलांवर ती विनाकारण झाली असती, आणि कोणाचीच केली नसती तर चार-पाचशे खाटांच्या रुग्णालयालाही न पेलणारी व्यंगे उरली असती. मग निवड कशी करायची? त्यांनी क्ष-किरण चित्रातील चार खुणा सांगितल्या: मागचे सांधे विलग होणे, रोगट मणका मागे सरकणे, समोरून पाहता कणा बाजूला ढळणे, आणि वरचा मणका पुढे कलंडणे. प्रत्येक खुणेला एक गुण. दोनाहून अधिक गुण झाले तर ते मूल धोक्यात आहे, आणि शस्त्रक्रिया आताच, बाक वाढण्याआधी करायची.

‘आताच’ याला महत्त्व आहे. ६० अंशांच्या पुढे गेलेल्या बाकात मज्जारज्जू आतल्या हाडाच्या धारेवर ताणला जातो, आणि कधी कधी रोग बरा होऊन वीस-तीस वर्षे उलटल्यावर, चाळिशीतल्या माणसाचे पाय हळूहळू जड होऊ लागतात. त्या अवस्थेतील शस्त्रक्रिया मणक्यांच्या शल्यचिकित्सेतील सर्वांत जोखमीच्या शस्त्रक्रियांपैकी आहे. जुळून दगड झालेले हाड कापून काढायचे आणि आधीच क्षीण झालेल्या मज्जारज्जूला धक्का लागू द्यायचा नाही. त्यानंतर पायांत उरलेली शक्तीही जाण्याचा धोका खरा असतो. बालपणी, वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेत तो कितीतरी कमी असतो.

ज्यांचे पाय आधीच लुळे पडले आहेत, त्यांचे काय? चालता न येणारे रुग्ण या चाचण्यांत घेतलेच नव्हते, त्यामुळे तिचे निष्कर्ष त्यांना लागू करता येत नाहीत. चाचणीचा आदर राखायचा तर तिची कुंपणेही लक्षात ठेवली पाहिजेत. या रुग्णांसाठी दिशा दिली ती वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील एस. एम. तुली यांनी. १९७५ मध्ये त्यांनी ‘मध्यममार्ग’ या नावाने आपली पद्धत मांडली. सर्वांना औषधे, पायांत अशक्तपणा असेल तर काही आठवडे बारकाईने लक्ष, सुधारणा झाली नाही, अशक्तपणा वाढत गेला, किंवा निदानाचीच शंका असली तर शस्त्रक्रिया. या मार्गाने लुळे पडलेल्यांपैकीही बरेच जण सुरीविना बरे झाले, आणि ज्यांना सुरीची गरज होती त्यांना ती मिळाली. नाव बौद्ध परंपरेतले आणि काशीतच दिलेले. सारनाथ हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

बंगळुरूत आज असा रुग्ण बहुधा निम्हान्ससारख्या संस्थेत पोहोचतो. नावात मानसिक आरोग्य असले तरी १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था म्हणून सुरू झालेल्या आणि १९७४ मध्ये जुन्या मनोरुग्णालयात विलीन होऊन आजचे रूप घेतलेल्या या संस्थेत मेंदू-मज्जारज्जू शल्यचिकित्सेची परंपराही जुनी आहे. एमआरआयमुळे पूर्वी न दिसणारा पू आणि मज्जारज्जूवरील दाब दिसतो. सुईने काढलेल्या नमुन्याची जनुकीय तपासणी काही तासांत जंतू आणि रिफाम्पिसिनला त्याचा प्रतिकार या दोन्ही गोष्टी सांगते. ही दुसरी गोष्ट नवी आणि चिंतेची आहे. मद्रासची चाचणी ज्या दोन गोळ्यांवर उभी होती, त्या दोन्ही निष्प्रभ ठरविणारे जंतू आता आपल्यात आहेत. ‘तूर्त शस्त्रक्रिया नको’ हे वाक्य औषध काम करील या गृहीतकावर उभे आहे. औषधे देऊनही चित्र बिघडत गेले, तर आजचा शल्यचिकित्सक पुष्कळदा पुन्हा नमुना घेण्यासाठीच शस्त्र हाती घेतो.

औषधांच्या काळाचा वादही मिटलेला नाही. मद्रासने सहा आणि नऊ महिने पुरेसे असल्याचे दाखवून दशके लोटली. तरी फुप्फुसाबाहेरील क्षयासाठी २०१६ मध्ये आलेल्या भारतीय मार्गदर्शक सूचना हाडांच्या क्षयासाठी बारा महिने, आणि गरज वाटल्यास अठरापर्यंत, असेच सांगतात. अनेक शल्यचिकित्सक एमआरआय पूर्ण स्वच्छ होईपर्यंत औषधे थांबवायला धजत नाहीत, आणि एमआरआयवरील खुणा जंतू मेल्यावरही महिनोन्महिने रेंगाळतात. मद्रासच्या चाचणीत रुग्णांचे मोजमाप साध्या क्ष-किरणावर झाले होते. एमआरआय तेव्हा नव्हता. त्यामुळे पाठीचा क्षय बरा झाला असे नेमके कोणत्या दिवशी म्हणायचे, याची मद्रासमध्ये वापरलेल्या मोजपट्टीइतकी सर्वमान्य मोजपट्टी एमआरआयच्या युगात अजून ठरायची आहे.